ढग वळणाऱ्या पोरीचा तिसरा भाग

आमच्या घरात राक्षसाला बंदी होती. राक्षस, परी, हडळ, शाप, वरदान, सगळ्यांनाच. आई कधी झोपताना गोष्ट सांगू लागली की आबा बाहेरून खाकरायचे आणि गोष्ट तिथंच संपायची. आबा म्हणजे माझे वडील. दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर, आणि रेल्वे वसाहतीमागच्या आमच्या आळीतल्या मंडळाचे अध्यक्ष. दीक्षा घेतल्यावर घराघरांतले देवांचे टाक गोळा करून भीमेत सोडायला जी माणसं गेली, त्यांत ते पुढे होते. त्यानंतर घरात जे आलं ते खरं तेवढंच आलं. मी अक्षरं जुळवायला शिकले ती भाषणांच्या पुस्तिकांवर. मग चरित्रं, मग आमच्याच पोरांनी मासिकांतून लिहिलेल्या रागीट कविता. जे घडलंच नाही ते वाचून कुणाचं पोट भरलंय, असं आबा म्हणायचे. मलाही ते सोळा आणे पटलेलं होतं. वर्गात अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्या मुली मला बावळट वाटायच्या.

निमोण्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी शिरूरला खोली शोधायला लागले. पहिल्या दोन घरांत आडनाव विचारलं आणि ते ऐकताच दोन्ही घरांना गावाकडचा भाचा आठवला, तो म्हणे शिकायला येणार होता. तिसरं घर एका धनगर बाईचं. विधवा, पन्नाशी ओलांडलेली. तिच्या सासरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता थोडी जमीन आणि दावणीला चार शेरडं. तिनंही आडनाव विचारलं. ते ऐकून म्हणाली, "ऱ्हा की. पर रांजणाला हात लावू नगं. पाणी मी वाढीन." ती मला बाई म्हणायची आणि अगंतुगंही करायची. रोज सकाळी तांब्या उंच धरून माझ्या कळशीत वरून पाणी ओतायची. मी खोली घेतली. न घेऊन सांगते कुणाला?

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. घोडनदीचं पात्र पांढरं पडलं होतं. सुट्टीच्या तोंडावर मला कावीळ झाली. डॉक्टरनं एसटीचा प्रवास बंद केला, म्हणून दौंडला जाता आलं नाही. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आबांना स्वतःचा चहा करता येत नव्हता, त्यामुळे तिथं जाऊन तरी काय व्हायचं होतं. मी खोलीत पडून राहिले. आणलेली पुस्तकं वाचून संपली. मग एका दुपारी मालकीण पदराखाली दोन जाड पुस्तकं घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर बसली.

"बाई, ह्ये वाच की जरा. मोठ्यानं."

तिला अक्षर येत नव्हतं. नवरा ट्रकवर होता, त्याला वाचायचा नाद. घरी असला की तिला वाचून दाखवायचा. "मालक गेले तवा पोरगी राक्षसाच्या कानापाशी व्हती," ती म्हणाली. "आत शिरली का न्हाई, त्ये ऱ्हाऊनच गेलं."

मी मुखपृष्ठ पाहिलं. हातात काठी घेऊन ढगांमागे धावणारी मुलगी, आणि खाली डोंगराएवढा उघडा कान. लेखकाचं आडनाव पुण्याच्या पेठेत शोभणारं. दोन्ही पाहून माझं तोंड कडू झालं. तसं ते काविळीनं झालेलंच होतं. नाही म्हणावंसं वाटत होतं, पण जी रोज पाणी वाढते तिला नाही म्हणता येत नाही. मी पहिलं पान उघडलं आणि शाळेत उतारा वाचावा तसं कोरडेपणानं वाचायला लागले.

त्या पुस्तकातले लोक मेंढरांऐवजी ढग वळतात. डोंगरावर राहतात, शीळ घालून ढगांना खाली आणतात, ज्या रानाला हवं तिथं पाऊस पाडून पुन्हा वर हाकतात. पुढे एक राजा येतो आणि ढगांच्या कानांना आपली खूण करून घेतो. मग प्रत्येक ढग कुणाच्या तरी मालकीचा होतो आणि डोंगरावरच्या लोकांना स्वतःच्या डोक्यावरचा ढगही मागून घ्यावा लागतो. इथं मालकीण उसळली. "खूण कानाला न्हाई करायची लेका, कान फाटतोय!" ती त्या लेखकालाच सांगत होती. मला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

आणि राक्षस. मी राक्षसाची वाटच पाहत होते, म्हटलं आता दाखवतो हा दात नि शिंगं. पण हा राक्षस एका पैजेखातर अख्खी नदी पिऊन बसलेला होता, आणि आता त्याला ती सोडता येत नव्हती, कारण रडायचं कसं ते तो विसरला होता. नदी त्याच्या पोटात तशीच वाहत होती, मासे आणि होड्यांसकट. रात्री तो झोपला की त्याच्या पोटातून पाण्याचा आवाज यायचा, आणि कोरड्या काठावरच्या म्हाताऱ्या नदी आली म्हणून घागरी घेऊन धावत सुटायच्या. हे वाचताना बाहेरून आवाज येईना म्हणून मी मान वर केली. मालकीण डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी तेच पान पुन्हा वाचलं. ही गोष्ट घडलेली नव्हती, कधी घडणारही नव्हती, आणि बाहेर नगरपालिकेच्या टँकरपुढे भांड्यांची रांग लागलेली होती.

मला आनंद झाला हे खरं, पण त्याआधी राग आला. बावीस वर्षं हे असलं काही जगात आहे हे मला कुणी कळू दिलं नव्हतं. मी रोज वाचत गेले. दुपारी ती यायची, मी मोठ्यानं वाचायचे. ती गेल्यावर पुढचं चोरून वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच तिच्यासमोर नव्यानं वाचायचे. असा लेखक मी पाहिला नव्हता. आमच्या कवितांमधला राग मला पाठ होता, पण तहान काय असते ते मला ह्या माणसानं दाखवलं. तो त्या आडनावाचा कसा काय, हे मात्र मला उलगडत नव्हतं. ह्याला काय माहीत मागून घेतलेलं पाणी, असं मी मनात म्हणायचे आणि पान उलटायचे.

दुसऱ्या भागाच्या शेवटी मुलगी राक्षसाच्या घशात येऊन उभी राहते. तिनं त्याला रडायला शिकवलेलं आहे, एक हुंदका आला की नदी सुटणार. पण तेवढ्यात तिला त्याच्या दातांच्या फटीतून बाहेरचं दिसतं. इतक्या वर्षांत कोरड्या पात्रात माणसांनी घरं बांधली आहेत, चुली पेटल्या आहेत, पोरं खेळताहेत. पाणी सोडावं तर ती बुडणार, धरून ठेवावं तर बाकीचे तहानेनं मरणार. मुलगी उभी आहे, पाणी तिच्या टाचांना लागलेलं आहे, आणि खाली छापलेलं: तिसरा भाग लवकरच.

"आन् मग?" मालकीण म्हणाली.

"मग नाही, मावशी. तिसरा भाग आणावा लागेल."

"आण की मग."

तिच्या लेखी ते दळण आणण्याइतकं सोपं होतं. शाळा सुरू झाली. निमोण्याहून येताना रोज ती दारात उभी. "गावली का पोरगी?" शिरूरच्या वाचनालयात तिसरा भाग नव्हता, एसटी स्टँडवरच्या दुकानातही नव्हता. पुढे दौंडला गेले तेव्हा स्टेशनबाहेर पुस्तकं मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. तो पुस्तकाकडे बघून हसला. "तिसरा कुठला येतोय! आवो, ह्ये लिवणारे तर हितलेच. पार्सल ऑफिसात व्हते. आता वरवंडला असत्यात." आणि त्यानं लेखकाचं खरं आडनाव सांगितलं.

ते आडनाव आमच्या आळीतलं होतं. माणूसही माहीतला. लहानपणी ज्यांना मी मामा म्हणायचे, जे खिशातून शेंगदाणे काढून द्यायचे आणि मग एकाएकी यायचे बंद झाले, ते. मी तिथंच स्टेशनसमोर उभी राहून मुखपृष्ठावरचं ते पेठेतलं आडनाव पुन्हा वाचलं. घरी आबांना फक्त एवढंच विचारलं, की मामा हल्ली कुठं असतात. "वरवंडला, पोराकडं," आबा म्हणाले. "बरा माणूस." आणि विषय संपला.

पुढच्या रविवारी मी वरवंडला उतरले. हमरस्त्याला लागून मुलाचं पंक्चरचं दुकान, त्यामागं घर. मामांनी मला ओळखलं, सुनेला चहा टाकायला लावला, आबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग मी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यांनी हात पुढं केला नाही. आधी दुकानाकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून.

"ह्ये कुठं गावलं तुला?"

"शिरूरला. मामा, तिसरा भाग लिहिलाच नाही का?"

"लिहिला व्हता. समदा."

त्यांनी सांगितलं ते हळू आवाजात, पण तक्रारीच्या सुरात नाही. आडनाव त्यांचं नव्हतं, छापणाऱ्यानं दिलेलं होतं. "म्हणला, तुमच्या नावानं राक्षस खपायचे न्हाईत. तुमच्या नावावर लोकांना गाऱ्हाणी पायजेत." त्यांनी मान्य केलं, कारण छापून यायला हवं होतं. दुसरा भाग आला तेव्हा न राहवून त्यांनी दोन्ही भाग आमच्या मंडळाच्या कपाटात नेऊन ठेवले आणि हे मीच लिहिलं म्हणून सांगितलं. आपल्या पोरांनी वाचावं म्हणून. आठवड्याच्या आत बैठक बसली. एक म्हणाला, आपलं नाव टाकून त्यांचं नाव घेतलं. दुसरा म्हणाला, आपण देव नदीत सोडले आन् ह्यो राक्षस घरात आणतोय.

"आणि आबा?"

"तुझ्या वडलांनी आवाज न्हाई चढवला. येवढंच म्हणाले, जितं टाक सोडले, तितं ह्येबी सोडावं. मंग मी उठलो आन् शब्द दिला. लिहिणार न्हाई, सांगणार न्हाई. तिसऱ्याची एकच प्रत व्हती, हातानं लिहिलेली. तुझे वडील संगं आले व्हते, रेल्वे पुलाखाली."

त्यांना कुणी मारलं नव्हतं, वाळीत टाकलं नव्हतं. आपल्याच माणसांनी मांडीला मांडी लावून, चहा पीत, हे केलं होतं. आपलेच दात आपलेच ओठ, तक्रार करायची कुठं? त्या पुण्याच्या छापणाऱ्याला शिव्या देणं सोपं होतं, त्या मी मनात देऊनही टाकल्या. पण त्यानं निदान पुस्तक वाचलं होतं.

"मामा, शेवट तेवढा सांगा. मला नका सांगू, शिरूरला एक बाई आहे, तिच्यासाठी सांगा."

"शब्द दिलाय, पोरी."

"आता कोण विचारतंय त्या शब्दाला?"

"मी इचारतो की."

शब्दाला जागणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले होते. त्यांचा मला अभिमान होता. त्या दिवशी मात्र वाटलं की उठून त्या माणसाला गदागदा हलवावं. इतका सच्चेपणा, आणि तो खर्च कशावर केला! मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघाले. ते दुकानापर्यंत सोडायला आले, आणि रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं,

"ती बाई कुठं रडली का?"

"म्हाताऱ्या घागरी घेऊन धावतात तिथं."

"तितं मीबी रडलो व्हतो लिव्हताना," मामा म्हणाले. मग मुलानं हाक मारली म्हणून ते आत ट्यूब धरायला गेले.

शिरूरला मालकीण दारातच होती. मी खरं ते सांगितलं. लेखक सापडला, शेवट सांगत नाही, कारण त्याला अडवलं.

"कुणी?"

"माझ्या बापानं."

ती उंबऱ्यावर टेकली. "मेंढरू घ्यायचं तरी मानूस आदी दात बघतो, बाई. तुझ्या बापानं काय बगितलं व्हतं?"

मी सांगितलं, ते मी त्यांना विचारलंच नाही.

"मंग जा आन् त्येला वाचून दाखिव," ती म्हणाली, आणि उठून माझ्या कळशीत पाणी ओतलं. वरूनच. एवढे दिवस माझ्यासमोर बसून रडली, हसली, पण तिचा तांब्या कधी खाली आला नाही, हेही इथं लिहिलं पाहिजे. पुस्तकानं माणूस बदलतो असं म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून फारसं मोजत नाही. तरी तिचं म्हणणं बरोबर होतं.

आबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. रविवारी सकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्याचा स्टोव्ह उघडत होते. मी दोन्ही पुस्तकं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ओळखली. हात फडक्याला पुसले, पण पुस्तकांना लावले नाहीत.

"वाचली होती का तुम्ही, आबा?"

"न्हाई. वाचायचं काय त्यात? राक्षस हाय म्हणलं की कळलं."

"न वाचता मामांचं लिहिणं बुडवलंत?"

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. स्टोव्हची पिन हातात फिरवत राहिले, आणि त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. ती लहानपणी तापानं गेली एवढंच मला माहीत होतं. "देवऋषी म्हणला, हिच्या अंगात हाय. खोलीत मिरच्यांची धुरी दिली. ती दार वाजवत व्हती. दार भायेरनं धरायला सांगितलं व्हतं मला. मी धरलं." मग म्हणाले, "तवापासनं कुणी राक्षसाची, भुताची गोष्ट काढली की माझ्या नाकात धूर जातोय. आळीत पुन्यांदा त्यो धूर नगं व्हता मला."

मला त्यांची दया आली, आणि राग होता तिथंच राहिला. एकानं दुसरा तसूभरही कमी झाला नाही. आईच्या गोष्टी अर्ध्यावर मरताना मी ऐकल्या होत्या, मामांची नजर दुकानाकडे कशी वळली ते पाहिलं होतं, आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी एक मुलगा दार धरून उभा होता हेही आता कळलं होतं. पण त्या मुलीला कोंडणारा देवऋषी होता. ढग वळणारी पोर नव्हती. हे त्यांना कुणी वेगळं करून सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतः ते करून पाहिलं नव्हतं.

वाचू का म्हणून मी विचारलं नाही. राक्षसाचं पहिलं प्रकरण आणि मग दुसऱ्या भागाची शेवटची तीन प्रकरणं मोठ्यानं वाचायला लागले. आबांनी पाठ फिरवली आणि स्टोव्हला पंप मारायला घेतला. मी आवाज चढवला. म्हाताऱ्या घागरी घेऊन धावल्या तिथं पंप थांबला. पुढे मुलगी राक्षसाच्या उशाशी बसून त्याला रडायला शिकवते, तिथं आबांनी शेजारच्या पोरांना दम दिला, गप बसा रं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मुलगी घशात येऊन उभी राहिली, तिला पात्रातली घरं दिसली, पाणी टाचांना लागलं, आणि मी पुस्तक मिटलं.

आबा वाट बघत होते.

"वाच की पुढं."

"पुढं नाही."

"म्हंजी? पोरगी भायेर आली का न्हाई?"

"मला काय माहीत, आबा. पुढचं तुम्ही स्वतः पुलाखाली नेऊन सोडलंत."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. शेवटचं पान उलटलं, मागचा पुठ्ठा पाहिला, पुन्हा शेवटचं पान पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,

"ते समजलं. पर आली का भायेर?"